दारातली उपासना

जून उजाडला की लातूरला आमच्या घरामागच्या मुलींच्या वसतिगृहात नवी बॅच येते. ती यायच्या आधी तिथला रखवालदार जिने, बोळ, न्हाणीघरं सगळं धुऊन काढतो आणि त्या जंतुनाशकाचा उग्र वास भिंत ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात शिरतो. मग रिक्षा थांबू लागतात. गाद्यांच्या वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, फराळाचे डबे उतरतात. उमरीकडची, नायगावकडची, उदगीरकडची आईबापं फाटकाशी उभी राहून लेकीला पुन्हा पुन्हा त्याच सूचना देत राहतात. दरवर्षीचंच आहे हे, बघणाऱ्यालासुद्धा त्याचा आता शीण येतो. पण तो वास नाकात गेला की मी हातातलं काम टाकून ओट्याला टेकते ते वेगळ्याच कारणानं. तो वास मला सरळ आमच्या गावच्या चर्चमध्ये नेऊन उभं करतो. बाकं भिंतीला सरकवलेली, फरशी ओली, दारं सताड उघडी, आणि आत कोणी नाही.

गाव अहमदपूरहून नांदेडच्या रस्त्याला लागल्यावर आत वळून. माझं सासर. लग्न होऊन आले तेव्हा चर्च म्हणजे दगड आणि पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, उन्हाळ्यात आत शिरलं की माठात शिरल्यासारखा गारवा. भूकंपात आमच्याकडे माणसं वाचली, पण चर्चची पूर्वेची भिंत उलली आणि माळवद खाली बसलं. पुढं कितीतरी दिवस लोक छताखाली जायला भीत होते. तेव्हा चर्चचे थोरले पंच होते ते नात्यानं माझे चुलतसासरे, पण सगळी गल्ली त्यांना आबाच म्हणायची. त्यांनी पुढच्याच रविवारी लिंबाखाली पटकुरं अंथरली आणि लोकांना हाताला धरधरून बसवलं. मग भिंतीचे दगड वेचले, माणसं जमवली, विटा-पत्र्यांचं नवं चर्च उभं केलं. त्या भिंतीतली वीट न वीट त्यांच्या हातून गेलेली. "भूकंपात बी एक रईवार खाली जाऊ दिला न्हाई," असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांचा हात नकळत जवळच्या भिंतीवर जायचा, एखाद्या जनावराच्या पाठीवर फिरावा तसा.

महामारीची टाळेबंदी लागली तेव्हा मी गावातच होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ज्वारीच्या काढणीला मी जाऊबाईंकडे जाऊन राहत असे. माझ्या त्या थोरल्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. आम्ही दोघीही विधवा. घरात त्यांचा मुलगा, सून, आणि लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास करणारी नात. क्लास बंद झाले तशी तीही पुस्तकांची जड पिशवी घेऊन परत आलेली. अक्का चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्यानं गायच्या आणि सगळ्यांत बेसूर. पेटीवाला कंटाळून शेवटी पेटी त्यांच्या सुरात आणायचा प्रयत्न करायचा. एस.टी. बंद झाल्या, लातूरला परतायचं राहिलं, आणि मी त्या घराच्या अंगणात पाऊस लागेपर्यंत अडकले.

आमचे पाळकसाहेब तसे तरुण, सडपातळ, बोलायला मवाळ. चर्चला कुलूप लावायचा निरोप आला तेव्हा त्यांनी आधी सगळं आतून जंतुनाशकानं धुऊन घेतलं, बहुधा दुसरं काय करावं ते सुचलं नाही म्हणून. मग मोबाइलवरून उपासना करून पाहिली. गल्लीत चांगला फोन एकच, अक्कांच्या नातीचा, आणि त्यावर आठवडाभर तिच्या क्लासचे तास चाललेले. रविवारी तो फोन पाटावर उभा करून आम्ही भोवती बसलो. पाळकसाहेबांचा चेहरा मध्येच थिजायचा, तोंड उघडं राहायचं, आवाज कुठल्या कुठं जायचा. अक्का त्या थिजलेल्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे काय जमून न्हाई राहिलं, बाई. ते बिचारं आपल्या घरात बसून वरडायलंय, आन आपण हितं. त्याला म्हणावं गल्लीतच ये की. आम्ही दारात उभं राहू."

तसंच झालं. पुढच्या रविवारपासून घंटा वाजली की गल्लीतलं प्रत्येक घर आपापल्या उंबऱ्याशी येऊन उभं राहायचं, डोक्यावर पदर, तोंडाला फडकं. पाळकसाहेब पुस्तक हातात घेऊन गल्लीच्या मधोमध चालत जायचे, चालता चालताच शास्त्रपाठ वाचायचे, वळून परत यायचे. गाणं सुरू झालं की वरच्या अंगाची घरं पुढं जायची आणि खालच्या अंगाची मागं पडायची. एका टोकाला कडवं संपून जायचं तेव्हा दुसऱ्या टोकाला त्याची शेवटची ओळ चालू असायची. पेटी नाही, ढोलकी नाही. पण ते मागं-पुढं होत गेलेलं गाणं गल्लीभर लाटेसारखं सरकत जायचं आणि शेवटचं घर थांबेपर्यंत बाकीचे गप उभे राहून वाट बघायचे. मी पुष्कळ चर्चमध्ये बसले आहे, लातूरच्या मोठ्या चर्चमधलं चार आवाजांचं गायनही ऐकलं आहे. एकमेकांसाठी थांबणं मात्र मी त्या गल्लीत ऐकलं.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या वेळी अडचण आली. एरवी पाळकीणबाई मनुके भिजवून त्याचा रस काढायच्या. बाजार बंद, मनुके कुठले? पाळकसाहेबांनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या घरची भाकरी घ्यावी, गुळाचं पाणी घ्यावं, मी गल्लीत उभा राहून प्रार्थना करीन. आबा आपल्या दारातून म्हणाले, "साहेब, गुळाच्या पाण्यानं कुठं प्रभुभोजन होत असतंय?" पाळकसाहेबांनी क्षणभर खाली बघितलं. "आबा, माझ्याकडं दुसरं काही न्हाई. तुमच्याकडं असंल तर सांगा." आबांनी त्या दिवशी पेला तोंडाला लावला नाही, ते सगळ्या गल्लीनं पाहिलं.

आणि मग मुठीचा विषय निघाला. आमच्यात फार जुनी रीत आहे. भाकरीसाठी पीठ घ्यायच्या आधी बाई त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकते, ती देवाची मूठ. रविवारी ते सारं चर्चमध्ये अर्पण होतं. त्यातून पाळकांचं घर चालतं, एखाद्या निराधार म्हातारीची चूल पेटते, उरलं तर चर्चच्या दुरुस्तीला जातं. चर्च बंद झालं तरी बायांचे हात थांबले नव्हते, घरोघर डबे भरून बसले होते. त्याच सुमारास पुण्या-मुंबईकडून माणसं परतायला लागली, कुणी टेम्पोनं, कुणी चालत, आणि ग्रामपंचायतीनं त्यांना गावाबाहेरच्या शाळेत ठेवलं. नात्यागोत्याची माणसं, पण त्यांच्याकडे जायला सगळेच भ्यायचे. पाळकसाहेब एका रविवारी गल्लीत उभे राहून म्हणाले, या वेळी मूठ चर्चकडं नको, शाळेकडं जाऊ द्या. आबांचा आवाज चढला. "देवाचं देवाला द्यायचं सोडून तुम्ही ते रस्त्यावरच्यांना वाटून राहिले. उद्या तुमच्या घरात काय शिजंल?" पाळकसाहेब म्हणाले, "बघू, आबा." एवढंच. त्यांच्या घरात त्या दिवसांत काय शिजलं ते पाळकीणबाईंच्या ढगळ होत गेलेल्या पोलक्यावरून कळत होतं. पण पीठ शाळेकडं गेलं. ज्यांच्या डब्यात पिठाऐवजी ज्वारी होती ती चौकातल्या चक्कीवाल्या चाचांनी दळून दिली. त्यांची मशीदही बंदच होती. "आमचं बी तेच हाय, बाई. ज्याची त्याची नमाज ज्याच्या त्याच्या घरात," असं म्हणत त्यांनी पिठाच्या पिशव्या ओट्यावर ठेवल्या. अक्का आणि सून भाकऱ्या थापायच्या, आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर टोपली ठेवून मागं सरायचो.

पहिल्या उन्हाळ्याची ही गोष्ट सांगताना मला अजून बरं वाटतं. पण अशा काळाला शेवट नसतो, तो नुसता लांबत जातो, आणि चांगुलपणसुद्धा माणसाला दमवतं. हिवाळ्यात चर्च उघडलं तेव्हा निम्मी बाकं रिकामी. काहींना दारात उभं राहायची सवय झाली होती, काहींची यायचीच सवय मोडली होती. मुठीचे डबे हळूहळू हलके झाले. पाळकसाहेबांच्या डोळ्यांखाली काळं आलं. मी लातूरला परतले होते, अधूनमधून गावी जायची, आणि दर खेपेला कोणीतरी जरा जास्त म्हातारं झालेलं दिसायचं.

दुसरा उन्हाळा आला तो पहिल्यापेक्षा वाईट. ईस्टरसाठी मी गावी गेले तोवर चर्चला पुन्हा कुलूप लागलं होतं. लातूरचे क्लास मध्यंतरी उघडले होते तेही बंद झाले आणि अक्कांची नात त्याच आठवड्यात घरी आली. आबांनी ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळ्या घरी निरोप पाठवला, उद्या चर्च उघडणार. पाळकसाहेब त्यांच्या दारात गेले तेव्हा मी समोरच्याच ओसरीवर होते.

"आबा, असं करू नका. लई लोक जाऊन राहिले. नांदेडला, लातूरला जागा न्हाई दवाखान्यात."

"भूकंपात लोक गेले न्हाई का? तवा मी लोकांना हाताला धरून बसवलं. पुनरुत्थानाच्या दिवशी प्रभूच्या घराला कुलूप? माझ्या जित्यापणी न्हाई."

"तवा छताची भीती होती, आबा. आता माणसाचीच हाय."

"तुम्ही भिता. म्हणा की तसं."

पाळकसाहेब म्हणाले, "हाव, भितो." आणि सलाम करून निघून गेले.

सकाळी आबांनी कुलूप काढलं. अक्का नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. मी म्हटलं, अक्का, नका जाऊ, आपण दारातच उभ्या राहू की. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, भक्तीचा आवेशही नव्हता, नुसता थकवा होता. "बाई," त्या म्हणाल्या, "इतके दिस दारात उभं राहून राहून पाय दुखून राहिले गं माझे. सणाचं एकडाव आत बसू दे."

त्या दिवशी आमच्या गावात एकाच वेळी दोन उपासना झाल्या. आत आबा आणि त्यांच्यामागं गेलेली माणसं, बाहेर गल्लीत पाळकसाहेब आणि दारादारांत उरलेले आम्ही. कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं, पण ईस्टरचं गाणं दोघांनाही तेच सुचलं. आतून अक्कांचा बेसूर, मोठा आवाज पत्र्यावर आपटून बाहेर येत होता. पाळकसाहेब गाता गाता थांबले, आतलं कडवं आमच्या कडव्याशी येऊन मिळेपर्यंत थांबले, आणि मग आम्ही सगळे पुढची ओळ बरोबर म्हणालो. भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे. भांडणातसुद्धा त्यांनी थांबायचं सोडलं नाही, हे मला तेव्हा केवढं मोठं वाटलं होतं.

पुढचं मी थोडक्यात सांगते, विस्तारानं सांगायचं बळ नाही. अक्कांना ताप आला, मग दम लागला. त्यांच्या मुलानं गाडी करून लातूरला आणलं, दवाखान्यामागून दवाखाने फिरलो, एका ठिकाणी जागा मिळाली तेव्हा उशीर झाला होता. त्यांना गावी नेऊ दिलं नाही. लातूरच्या कब्रस्तानात, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या माणसांनी त्यांना खाली ठेवलं. पाळकसाहेब मोटारसायकलवर आले होते, लांब उभे राहून त्यांनी वाचलं. वाऱ्यानं पानं उलटत होती आणि ते अंगठ्यानं दाबून धरत होते. आम्ही गायचा प्रयत्न केला, पण मोठ्यानं गाणारीच गेली होती.

आबाही आजारी पडले. ते वाचले. आणि वाचल्यावर घरात जे बसले ते उठलेच नाहीत. गल्लीत उघड कुणी काही बोललं नाही, पण घरोघरच्या चुलीपाशी बोलणं तेच होतं. अक्का कुणामुळं गेल्या? आबांनी कुलूप काढलं म्हणून. दुसरं कुणी म्हणायचं, अहो, आत बसलेले बाकीचे धडधाकट आहेत की. मग आणखी कुणी आवाज खाली आणून म्हणायचं, पोरगी लातूरहून आली नव्हती का त्याच आठवड्यात? ते तिच्या कानावर गेलं नसेल असं नाही. अक्कांनंतर मी त्या घरातच राहिले होते. ती पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही. मी विचारलं, बेटा, काय होतंय? "काही न्हाई, आजी," एवढंच. मला आबांचा राग होता. तो खरा होता, पण तो धरून ठेवायलाही ताकद लागते, आणि ती माझ्यात उरली नव्हती.

चर्च पुन्हा उघडलं. आबा येत नव्हते. पाळकसाहेबांनी निरोप पाठवले, स्वतः जाऊन आले. आबा म्हणायचे, पाय चालत न्हाईत. पाय चालत होते, परसात जाताना आम्ही बघायचो. शेवटी एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "आपण इतके दिवस दारात उपासना केली. आज एका दारात करू. ज्याला यायचं त्यानं या." थोडी माणसं निघाली. मी निघणार नव्हते. पण अक्कांची नात चपला घालून पुढं झाली, आणि तिला एकटीला कसं जाऊ द्यायचं म्हणून मी मागं गेले.

आबा बाजेवर बसले होते. आम्हाला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. अंग उतरलं होतं, हाताची कातडी सैल झाली होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पाहिलं त्या पोरीकडे. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं तोच आबा म्हणाले, "थांबा, साहेब. मला हिच्याशी बोलायचं हाय." आणि तिला म्हणाले, "पोरी, तुझ्या आजीला मी आत बोलावलं. कुलूप मी काढलं. लोक तुला काय काय बोलून राहिलेत ते मला ठावं हाय. तुझा काही संबंध न्हाई. ते माझ्यावर हाय, माझ्यावरच राहू दे."

ती बाजेशी खाली बसली आणि म्हणाली, "आबा, मी लातूरहून आले तवा मला ताप होता. दोन दिवस. मी घरात सांगितलं न्हाई, गोळी घेतली. आजीच्या शेजारी झोपले. तुमच्या आधी मीच..."

"गप," आबा म्हणाले. "तू लेकरू हाय."

"तुम्हाला न्हाई ना माहीत, आबा."

"न्हाई माहीत. तुला बी न्हाई."

मग दोघंही रडले. आबांचा तो खरखरीत हात पोरीच्या डोक्यावर कितीतरी वेळ होता. गल्लीतली माणसं खाली माना घालून उभी होती, आणि जे चुलीपाशी बोलले होते तेही त्यांत होते. पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ तिला वाचायला दिला. तिनं वाचला, अडखळत. आबांनी मिटल्या डोळ्यांनी ऐकला आणि ऐकता ऐकता त्यांना झोप लागली, बसल्या बसल्या. आम्ही थोडं थांबलो. मग पाळकसाहेबांनी त्यांना न उठवता, अगदी हलक्या आवाजात आशीर्वाद म्हटला आणि आम्ही आपापल्या घरी आलो. माझा राग त्या दारात संपला असं नाही. तो घरी येईपर्यंत माझ्याबरोबर होता, दुसऱ्या दिवशीही थोडा होता. मग केव्हा गेला ते मला कळलं नाही.

आबा त्यानंतर चर्चमध्ये आले, दाराजवळच्या बाकावर बसायचे. पुढच्या वर्षी काढणीच्या दिवसांत ते वारले. पोरीनं परीक्षा पुन्हा दिली नाही. नांदेडला परिचारिकेचं शिक्षण घेतलं, आता तिथंच दवाखान्यात आहे, सुट्टीला येते तेव्हा दिवसभर झोपते. पाळकसाहेबांची बदली झाली. मुठीचा डबा काही घरांत आहे, काही घरांत नाही. नव्या सुनांना तयार पीठ आणायची सवय, त्यातून मूठ काढायची कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि अक्का कुणामुळं गेल्या, हे आता आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही. उत्तर मिळालं म्हणून नव्हे, विचारून विचारून माणसं दमली म्हणून. पूर्वी मला वाटायचं की क्षमा म्हणजे काही मोठी, उजेडाची गोष्ट असेल, ती आली की कळेल. आमच्याकडे ती अशी आली नाही. काळ आमच्यावरून गेला, आम्ही झिजलो, आणि झिजताना ज्या कडा एकमेकांना टोचत होत्या त्याही गेल्या, एवढंच. गेल्या रविवारी मी गावच्या चर्चमध्ये होते. खिडकीखाली, जिथं अक्का बसायच्या तिथं, कुणाच्या तरी घरात नुकतीच आलेली सून बसली होती, मांडीवर लेकरू. तिला ती जागा कुणाची हे माहीत नव्हतं. एका बाईनं मला खुणेनं विचारलं, सांगू का तिला? मी नको म्हणून मान हलवली. बसू दे तिला. लेकरू झोपलं होतं, आणि बाहेर ऊन फार होतं.